सु. टें. यांच्या लाल खुणा

भीतीच्या बाबतीत सुधीर टेंबुलकरांचा हात फार सढळ होता. एरवी माणूस काटकसरी. पंखा दोनवर, चहाला अर्धा चमचा साखर, शाई संपलेलं पेनही आठवडाभर झटकून बघणार. पण घाबरायची वेळ आली की मोजमाप संपलं. कुत्र्यांना थोडी, साहेबांच्या केबिनच्या दाराला जरा जास्त, आणि उरलेली सगळी, म्हणजे भरपूर, कंटेनरच्या ट्रेलरना. जुईनगरात राहून सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात स्टेशनरी विभाग सांभाळणाऱ्या माणसाला ट्रेलर चुकत नाहीत. ट्रेलर येताना कळत नाही, गेल्यावरच कळतो, असं टेंबुलकरांचं निरीक्षण होतं. आणि कोण गेल्यावर, या प्रश्नाशी ते दरवेळी थबकायचे.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण मेहुणीच्या मुलाच्या लग्नात, ऐन जेवणाच्या टेबलावर, गीतांजलीबाई म्हणाल्या, ‘‘आमच्या ह्यांना रस्ता ओलांडायला अजून माझा हात लागतो.’’ टेबल हसलं. टेंबुलकरही हसले. गीतांजलीबाई स्वतः स्कूटरवरून वाशीला नोकरीला जायच्या आणि मागच्या सीटवर नवरा डोळे मिटून बसतो हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, एवढं सौजन्य त्यांच्या खात्यावर जमा धरलं पाहिजे. पण ते त्यांनी आइस्क्रीम येईपर्यंत सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी रविवारच्या पुरवणीत त्यांना ग्रॅव्हल बाईक नावाच्या सायकलीवरचा लेख सापडला. जाड टायरची, वाकड्या हँडलची ही सायकल मातीवरून, खडीवरून, शेताच्या बांधावरून जाते म्हणे. जिथे एकही गाडी येत नाही अशाच वाटांवर ती चालवायची असते. टेंबुलकरांनी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. धाडस आहे आणि ट्रेलर नाही. म्हणजे धोका वगळून शौर्य. असा माल बाजारात असताना आपण इतकी वर्षं रस्त्याच्या कडेला का उभे होतो, याचंच त्यांना नवल वाटलं.

दुकानदारानं सायकल एका बोटावर उचलून दाखवली. ‘‘काका, हिला डांबर नको. डांबर दिलं तर रुसते.’’

‘‘मलाही नको,’’ टेंबुलकर मनापासून म्हणाले.

आता सायकल घरी आणणं आणि सायकल सोसायटीत आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेक्रेटरी वैशालीताईंनी नियम काढला. लिफ्टमधून सामान नेता येतं, वाहन नेता येत नाही. टेंबुलकर म्हणाले, मग पार्किंगमध्ये ठेवतो. वैशालीताई म्हणाल्या, पार्किंगच्या अर्जात वाहनाचा नंबर लागतो. सायकलीला नंबर नसतो. नंबर नाही म्हणजे वाहन नाही. मग सामान आहे असं समजून लिफ्टमधून नेऊ का? तर छे, चाकं आहेत. असं ते चक्र फिरत राहिलं आणि ज्या वस्तूला फिरायला हवं होतं ती गेटवर सिक्युरिटीच्या खुर्चीला बांधून पडली. शेवटी टेंबुलकरांनी चारी मजले ती खांद्यावर वाहून नेली. पुरवणीतल्या लेखात हा भाग नव्हता.

चौथ्या मजल्यावर समोरच्या दारात हौसेराव उभे होते. हौसेराव साताऱ्याकडचे, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले, आणि सल्ला देताना मापात कधी कमी न भरणारे.

‘‘कुठं चालवनार म्हनं ही?’’

‘‘जासईच्या मागे. खाजणात बांध आहेत जुने, खारं पाणी अडवायला बांधलेले. चिटपाखरू नसतं तिकडे.’’

‘‘आवो टेंबुलकर, चिटपाखरू नस्तं तितंच घोळ आस्तो की! रस्त्यावर पडला तर चार मानसं तरी जमतील. व्हिडिओ काडतील, पन जमतील. तितं पडला तर कोन? खेकडं?’’ मग त्यांनी आवाज खाली आणला. ‘‘आन् भरती येती. पानी मागनं येतं. आवाज करत न्हाई.’’

टेंबुलकर या बाजूनं विचार करायला विसरले होते. गाड्या नसलेल्या वाटेवर माणसंही नसतात. त्या रात्री त्यांना स्वप्नात एक अत्यंत सभ्य, आवाज न करणारं पाणी दिसलं.

पण मागे फिरणं शक्य नव्हतं, कारण गीतांजलीबाईंनी नारिंगी रंगाचं, अंधारात चमकणारं जाकीट आणून दिलं होतं. ‘‘आणि ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घाला. काही झालं तर कुणाला कळवायचं ते तरी समजेल.’’ बायकोनं इतक्या प्रेमानं आपल्या अपघाताची तयारी केल्यावर माणूस नाही कसा म्हणणार?

एकच अडचण उरली. बिनगाड्यांच्या वाटेपर्यंत पोचायला गाड्यांचाच रस्ता होता, आणि तोही ट्रेलरचा. टेंबुलकरांनी यावर तोडगा काढला. त्यांनी टेम्पो केला.

टेम्पोवाला मिथुन त्याच गावचा, आगरी, तिशीचा, बोलायला मोकळा. त्यानं सायकल मागे चढवली, टेंबुलकरांना हेल्मेटसकट शेजारी बसवलं. गव्हाणफाटा गेल्यावर त्याला राहवेना.

‘‘काका, सायकल बिघारलीय का?’’

‘‘नाही. नवी आहे.’’

‘‘चालत नाय?’’

‘‘चालते की.’’

‘‘मंग?’’

‘‘चालवायलाच नेतोय.’’

मिथुननं मान डोलावली. शहरातल्या माणसांबद्दल त्याचे काही अंदाज होते, त्यांत आणखी एकाची भर पडली.

गाव संपतं तिथे त्यानं त्यांना उतरवलं. पुढे बांध सुरू होत होता. एका हाताला भाताची खाचरं, दुसऱ्या हाताला खारफुटी आणि काळा चिखल, मध्ये हातभर रुंदीची मातीची वाट. लांब, पार क्षितिजाला, बंदराच्या क्रेन उभ्या होत्या. टेंबुलकर सायकलवर बसले. टायरखाली खडे करकरले. पहिली काही मिनिटं ते इतके सुखात होते की घाबरायचं राहूनच गेलं.

मग शांतता कानात शिरली. एकही हॉर्न नाही. ज्या आवाजाला माणूस आयुष्यभर घाबरला तो नसला की कान त्याला शोधायला लागतात. खारफुटीत काहीतरी डुबुक् वाजलं. एक बगळा त्यांच्याकडे बघत होता, आणि तो ज्या चिकाटीनं बघत होता तिच्यात टेंबुलकरांना काहीतरी ठरवून चाललंय असं वाटलं. बांधाला फाटा फुटला, त्या फाट्याला आणखी एक. टेंबुलकरांनी फोनवर नकाशा उघडला. नकाशात ते खाडीच्या मधोमध उभे होते. त्यांनी खाली पाहिलं. बूट कोरडे होते, पण नकाशाशी वाद घालायची त्यांची हिंमत झाली नाही.

सबंध सकाळ ते त्या बांधांवर फिरले. प्रत्येक फाटा आधीच्या फाट्यासारखा. ओरडावं म्हटलं तर ऐकणार बगळा. मागून पाणी येतंय असं वाटून ते सारखे वळून बघत होते, आणि सायकलवर बसून मागे बघणं हा वेगळा अपघात असतो. दोनदा पडले. शेवटी एक म्हैस दिसली. म्हैस जेवायच्या वेळी घरीच जाते, एवढ्या एका भरवशावर ते सायकल हातात धरून तिच्या मागे चालत गावात पोचले. मिथुन टेम्पोत झोपला होता. ‘‘झाली राउंड?’’ त्यानं विचारलं. ‘‘मस्त झाली,’’ टेंबुलकर म्हणाले. म्हैस काही बोलली नाही.

सोसायटीत मात्र वेगळंच वर्णन पोचलं. त्यात खाडी होती, निर्मनुष्य बांध होते, दोन वेळा ‘घसरलो पण सावरलो’ होतं, म्हैस नव्हती. गीतांजलीबाई ऐकताना पोळी लाटायच्या थांबल्या. ‘‘एकटेच गेलात? एवढ्या आत?’’ त्यांच्या नजरेत जे काही आलं ते लग्नाच्या पंचवीस वर्षांत टेंबुलकरांनी स्वतःसाठी पाहिलं नव्हतं. ते त्यांना फार आवडलं. आणि ते टिकवायचं तर पुन्हा जाणं भाग होतं, फक्त न चुकता.

वाट चुकू नये म्हणून दुसऱ्या माणसानं काय केलं असतं? कुणाला तरी सोबत नेलं असतं, नाहीतर मिथुनला विचारलं असतं. टेंबुलकरांनी कार्यालयात जे केलं असतं ते केलं. पुढच्या रविवारी त्यांनी लाल ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश, मिथुनला दिसू नये म्हणून पिशवीत घालून नेला. मिथुनला गावात एका जागी सोडून पायी चालत, मैलाच्या दगडासारखे दगड निवडत, प्रत्येक फाट्यावर त्यांनी ठसठशीत बाण काढला. बाणाखाली क्रमांक टाकला. आणि ज्या माणसानं सारी हयात कुठल्याही कागदावर काहीही लिहिलं की खाली सही ठोकली, त्याचा हात क्रमांकावर थांबेल कसा? प्रत्येक बाणाखाली त्यांनी तारीख घातली आणि आद्याक्षरं केली: सु. टें.

काम झालं तेव्हा त्यांना फार सुरक्षित वाटलं. खाजण आता फायलीला लागलं होतं.

त्या आठवड्यात गोष्ट वाढली. आशुतोष नावाचा दुसऱ्या मजल्यावरचा आयटीतला तरुण, ज्याच्याकडे सायकलीपेक्षा सायकलीचे कपडे जास्त होते, तो म्हणाला, ‘‘काका, मी पण येणार. रूट लीड तुमचा.’’ मागोमाग हौसेराव म्हणाले, ‘‘मी बी येतो. तुमच्या मागं कुनीतरी जबाबदार मानूस पायजे.’’ आणि गीतांजलीबाईंनी मैत्रिणीची सायकल मागून आणली. ‘‘मलाही बघायचंय तुमचं ते जंगल.’’ टेंबुलकर मनात निश्चिंत होते. बाण पाठ होते. फक्त ‘इकडे’ म्हणायचं, आणि वळायचं.

रविवारी मिथुनच्या टेम्पोत चार सायकली आणि मागे हौसेराव व आशुतोष बसले. पुढे टेंबुलकर नवरा-बायको. मिथुन गप्प होता. मिथुन गप्प असणं हे टेम्पोचं इंजिन गप्प असण्याइतकंच काळजीचं होतं.

‘‘काय रे, तब्येत ठीक ना?’’ गीतांजलीबाईंनी विचारलं.

‘‘काकी, आज तिकरं नका जाऊ. गावान गरम हाय.’’

‘‘का?’’

‘‘सर्वे झालाय. खाजनान, आमच्या शेतांच्या बांधावर. कोनी येऊन लाल निशान मारून गेलाय. बान, लंबर, तारीख. खाली सही पन हाय. कोन सुटें नावाचा सायब हाय म्हनतान.’’

टेंबुलकरांच्या पाठीतून काहीतरी थंड सरकत खाली गेलं आणि सीटवर बसलं.

‘‘बाई ग! जमीन घेणार का परत?’’ गीतांजलीबाई म्हणाल्या.

‘‘मंग काय! पयले बंदराला गेली, मंग रस्त्याला. आता ह्यो. गावकी बसली परवा. येक येक खुनेवर पहारा लावलाय. तो सुटें गावला तर...’’ मिथुननं वाक्य पुरं केलं नाही. गिअर बदलला. तो बदल टेंबुलकरांना फार सविस्तर वाटला.

खरं तर तेव्हाच सांगून टाकायचं. टेम्पोत, दार बंद असताना, तीनच माणसांत. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? बाण का काढले, तर वाट चुकलो म्हणून. मग आलात कसे, तर म्हशीमागून. बायको शेजारी, अजून त्याच नव्या नजरेनं बघत असलेली. टेंबुलकरांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘‘आपण परत जाऊ या का? गावाच्या भावनांचा आदर...’’

‘‘का म्हणून? आपण काय सर्व्हेला आलोय?’’ गीतांजलीबाई म्हणाल्या. ‘‘आपण सायकलवाले. घाबरता काय?’’

या प्रश्नाला त्यांच्या घरात एकच उत्तर आता चालत होतं. ‘‘छे,’’ ते म्हणाले, आणि जाकिटाची चेन वरपर्यंत ओढून गळ्यातलं ओळखपत्र आत ढकललं. त्यावर नाव होतं, आणि नावाच्या वर ठळक अक्षरांत ‘महाराष्ट्र शासन’.

बांधाच्या तोंडाशी अर्धं गाव होतं. पहिल्या दगडावर, म्हणजे खूण क्रमांक एकवर, यशोदाबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, कासोटा घट्ट, हातात कोयता. कोयता गवत कापायचा होता आणि आसपास गवतही होतं, हे टेंबुलकरांनी स्वतःला दोन-तीनदा समजावलं. शेजारी माजी सरपंच देवजी. यशोदाबाईंचा मुलगा धनेश जरा बाजूला उभा होता. त्याच्यासोबत पांढऱ्या गाडीला टेकून, सोन्याची चेन घातलेला एक जमिनीचा दलाल शांतपणे पान चघळत होता.

‘‘आये, ऐक माजं,’’ धनेश म्हणत होता. ‘‘सरकार घेनारच हाय. खून परली म्हंजे गेली. त्यापेक्षा आज ह्या शेठला देऊन टाकू. आज सही केली तर हातान काय तरी येईल.’’

‘‘सासऱ्यानं मातीच्या पाट्या डोक्यावर वाहून ह्यो बांध घातलाय,’’ यशोदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. ‘‘तलावान जिताडा मासा हाय, खाचरान भात हाय. सही करून मी बसू कुठं? तुज्या ब्लाकच्या ग्यालरीन?’’

‘‘आनि आमचं काय?’’ मागून रंजिता, त्यांच्या पुतण्याची बायको, पुढे आली. ‘‘तुमच्या बांधावर तीन-तीन खुना. आमच्या शेताला येक पन नाय! लाइन मुद्दाम वलवली. कोनी तरी त्या सुटेंला चहा पाजलाय!’’

गावाचे सरळ दोन भाग पडले होते. ज्यांच्या शेतात खूण होती ते सुटेंना धरून हाणायला निघाले होते, आणि ज्यांच्या शेतात नव्हती ते का नाही म्हणून हाणायला. टेंबुलकरांनी मनात बेरीज केली. शिल्लक कुणी उरत नव्हतं.

‘‘तुमी कोन?’’ देवजींनी चौघांकडे पाहिलं. त्यांची नजर नारिंगी जाकिटावर येऊन थांबली. गेल्या वेळच्या सर्व्हेवाल्यांचीही जाकिटं याच रंगाची होती, हे टेंबुलकरांना कसं माहीत असणार? पण देवजींना होतं.

‘‘सायकलिंग ग्रुप आहे आमचा,’’ आशुतोष उत्साहानं म्हणाला. ‘‘हे आमचे लीडर. ह्यांना इथला एकेक टर्न पाठ आहे!’’

सगळं गाव टेंबुलकरांकडे वळलं.

‘‘आसं?’’ देवजी म्हणाले. ‘‘कवापासून?’’

हौसेरावांनी परिस्थिती हातात घेतली. ‘‘हे बगा, आमचे टेंबुलकर तसले न्हाईत. सादा मानूस हाय. सरकारी नोकर हाय.’’

कोयता गवतातून वर आला. टेंबुलकरांना पळायचं होतं. मागे टेम्पो होता, टेम्पोमागे रस्ता, रस्त्यावर ट्रेलर. आयुष्यात प्रथमच त्यांना ट्रेलरची आठवण मायेनं आली. तेवढ्यात पलीकडे दलालानं गाडीच्या बॉनेटवर कागद उलगडला आणि धनेशच्या हातात पेन दिलं. धनेशनं आईकडे पाहिलं नाही. पेनाचं टोपण काढलं. यशोदाबाई दगडावरून उठल्या, पण मुलाकडे गेल्या नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसत्या बांधाकडे बघत उभ्या राहिल्या. आता फार वेळ बघायला मिळणार नाही अशा.

पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज स्टेशनरी विभागाच्या माणसाला कुठेही ओळखू येतो.

‘‘थांब!’’ टेंबुलकर ओरडले. आवाज चिरका निघाला, पण निघाला. ‘‘सही करू नकोस! सुटें मीच. सुधीर टेंबुलकर. खुणा माझ्या आहेत. सर्व्हे नाही, काही नाही. मी... मी वाट चुकतो म्हणून.’’

धनेशचं पेन कागदावर थांबलं.

‘‘पहिल्या रविवारी हरवलो होतो. म्हशीच्या मागे चालत बाहेर आलो. परत हरवू नये म्हणून बाण काढले.’’

त्यांनी बायकोकडे पाहायचं टाळलं. हेल्मेटखाली घाम डोळ्यांत उतरत होता.

‘‘आनि सही?’’ देवजींनी विचारलं. ‘‘तारीख?’’

‘‘सवय,’’ टेंबुलकर म्हणाले.

गावाला हे पटलं असतं तर नवल. ओळखपत्र बाहेर ओढलं गेलं. ‘महाराष्ट्र शासन’ हातोहात फिरलं. दलाल पहिल्यांदाच बोलला, ‘‘बोललो ना? आता हे असंच बोलणार. आधी येतात, मग नाकारतात.’’ धनेशचं पेन अजून उघडंच होतं. कुणीतरी टेंबुलकरांच्या सायकलीचं हँडल धरलं, कुणीतरी दंड. सरकारी माणूस सायकल खेळायला दगड रंगवतो आणि खाली सही करतो, ही थाप तर गावाच्या अकलेचा अपमान होता.

‘‘चालवून दाखव,’’ यशोदाबाई अचानक म्हणाल्या.

‘‘काय?’’

‘‘तुजे बान हायत ना? मंग जा त्यांच्या मागं. आमी येताव. रस्त्याची लाइन कुठं जातंय ती आमाला पन बघूं दे.’’

आणि मग जी सफर झाली तशी कुठल्याही पुरवणीत छापून आलेली नाही. पुढे सुधीर टेंबुलकर, सायकलवर. मागे कोयता. कोयत्यामागे देवजी, धनेश, रंजिता आणि अर्धं गाव एका ओळीत, कारण बांध तेवढाच रुंद होता. त्यामागे गीतांजलीबाई. मग आशुतोष, ‘‘काका, पायडलचा कॅडन्स राखा!’’ म्हणत. सगळ्यात शेवटी हौसेराव, परत जायला सोपं पडावं म्हणून. एका हाताला चिखल चमकत होता. भरती लागली होती. पाणी खरंच आवाज न करता येत होतं. पडलो तर बुडून मरू, नाही पडलो तर टोकाला पोचू आणि तिथे ही माणसं काय ते ठरवतील. दोन्हींत कमी वाईट काय हे ठरेना म्हणून टेंबुलकर पायडल मारत राहिले.

क्रमांक दोन, उजवीकडे. तीन, सरळ. पुढे उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी अडवायचं लाकडी दार. तिथून डावीकडे. तलावाला वळसा. एका खुणेवर बाण चुकून उलटा निघाला होता आणि टेंबुलकर खाचरात उतरले. कुणी हसलं नाही. त्यांना बाहेर काढून, सायकल सरळ करून, गाव पुन्हा मागे उभं राहिलं. पुढे, पुढे, आणि शेवटच्या क्रमांकाच्या दगडापाशी वाट वळली आणि समोर आला मिथुनचा टेम्पो.

देवजी थांबले. मागे वळून त्यांनी सगळ्या बांधावर नजर फिरवली. बोटानं हवेत गोल काढला.

‘‘म्हंजे जितून निंगला तितंच परत?’’

‘‘हो.’’

‘‘मदे कुठं काय नाय?’’

‘‘नाही.’’

‘‘यो सरकारी नाय,’’ देवजींनी निकाल दिला. ‘‘सरकारी रस्ता गेला की गेला. परत येत नाय.’’

गावाच्या छातीतली हवा एकदम सुटली. कोणीतरी हसलं, मग बायका हसल्या, पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. रंजिता मात्र हिरमुसली. ‘‘म्हंजे कोनालाच काय नाय?’’ धनेशनं पेनाला टोपण लावलं आणि दलालाला परत दिलं. दलालानं कागदाची घडी घातली. तो गाडीत जाऊन बसला, पण गाडी सुरू केली नाही.

यशोदाबाई टेंबुलकरांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. ‘‘हितं येतोस, फिरतोस, परत जातोस. काम काय?’’

‘‘काम काही नाही, मावशी.’’

‘‘येवरा भितोस, तरी येतोस?’’

टेंबुलकरांनी आता बायकोकडे पाहिलं. गीतांजलीबाईंच्या चेहऱ्यावरची ती नवी नजर गेली होती. तिच्या जागी हसू होतं का राग, हे त्यांना ठरवता येईना. ‘‘म्हैस?’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘खरंच म्हशीमागे?’’ आणि मग, सगळ्या गावादेखत, त्यांच्या हेल्मेटवरचा चिखल पदरानं पुसला. ‘‘ओरडलात मात्र छान हो.’’

शिक्षा तिथेच ठरली. खुणा ज्यानं काढल्या त्यानं पुसायच्या. धनेशनं होडी रंगवायचा थिनर आणि तारेचा ब्रश आणून दिला. टेंबुलकर दगडादगडावर उकिडवे बसले. गीतांजलीबाई पाणी ओतत होत्या, हौसेराव कसं घासावं ते सांगत होते, गाव बसून बघत होतं. यशोदाबाईंनी घरून भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मागवलं. ‘‘खा रं सुटें सायब,’’ बायका चिडवत होत्या. ‘‘परत चुकशील तर म्हसरू पाठवूं घ्यायला.’’ टेंबुलकरांच्या पोटातली भीती कालवणाखाली हळूहळू दबत गेली. एक वाजेपर्यंत त्यांचं नाव खाजणातून जवळजवळ निघालं होतं.

उघाडीपलीकडे, तलावाच्या कडेला, उंच गवतात शेवटची एक राहिली होती. रंजितालाच ती दिसली. ‘‘ओ सुटें, ही ऱ्हायली की! आमच्या शेताजवलच हाय!’’ तिच्या आवाजात आनंद होता.

टेंबुलकर ब्रश घेऊन गेले. गवत बाजूला केलं. तिथे दगड नव्हता. सिमेंटचा चौकोनी खुंटा होता, जमिनीत पक्का गाडलेला, फक्त माथा वर. माथ्यावर पिवळा क्रमांक, ठशानं छापल्यासारखा. त्याच रेषेत पुढे, यशोदाबाईंच्या बांधाच्या मधोमध, गवतात तसाच दुसरा. त्याच्या पुढे तिसरा, सरळ, न वळता, क्रेनच्या दिशेनं.

गाव येऊन मागे उभं राहिलं. रस्त्यावर पांढरी गाडी अजून तिथेच होती.

‘‘ही पन तुजीच ना, रं?’’ यशोदाबाईंनी विचारलं. ‘‘बाला, तुजीच हाय ना ही?’’

सकाळी हेच गाव त्यांना सुटें ठरवून हाणणार होतं. आता देवजी, धनेश, रंजिता, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, हो म्हण, हो म्हण, म्हणून.

टेंबुलकर खाली बसले. त्यांनी थिनर ओतला आणि घासायला लागले. पिवळा रंग हलला नाही. त्यांनी ब्रश टाकला, बोटांनी खुंट्याभोवतीची माती उकरली, आधी एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची, आणि चष्मा कपाळावर सारून, नाक सिमेंटला लावून, आयुष्यात कधी शोधली नव्हती इतक्या आशेनं ते स्वतःची सही शोधत राहिले.